भावोजींना हवा असलेला माणूस

पंचमीची दुपार होती. संध्याकाळी विसर्जन, म्हणून जेवणं लवकर उरकलेली. गणपतीवर टांगलेल्या माटोळीला बांधलेले सुपारीचे घोस आणि आंबाडे वाऱ्यावर हलत होते, चिबुडाचा पिकलेला वास घरभर पसरला होता आणि खतखतं खाऊन जड झालेली माणसं सोप्यावर मिळेल तिथे टेकली होती. चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी अशा वेळी राजकारण निघतंच. कोण कुठल्या पक्षातून कुठे गेला, याचा हिशेब मांडता मांडता शेवटी भावोजी लोडाला रेलून म्हणाले, "दोनच गोष्टी करा. मताचा हक्क शिकलेल्यांपुरता ठेवा आणि वर एखादा फौजी बसवा. फायटर पायलट असेल तर बघायलाच नको. मरणाला जवळून पाहिलेला माणूस, तो कशाला कुणाचे पैसे खाईल?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी पातोळ्यांचं ताट फिरवलं. विषय तिथेच संपला.

माझ्यासाठी मात्र तो संपला नाही. भावोजी दाबोळीजवळ राहतात. नौदलाची मिग-२९ विमानं डोक्यावरून जातात तेव्हा त्यांच्या घरात बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो आणि आवाज विरल्यावर उरलेलं वाक्य पुरं करतो. फायटर पायलटबद्दल त्यांना वाटणारा आदर तिथून आलेला असणार, आणि तो मला मनापासून पटतो. पण विसर्जनाला तळीवर जाताना, आरत्या चालू असताना, परत येऊन ओल्या कपड्यांत चहा पिताना एकच गोष्ट टोचत राहिली. भावोजींनी सांगितला तसा माणूस खरोखर होऊन गेला आहे. अगदी दोन्ही अटींसकट. लढाऊ वैमानिक, जखमी होऊन पुन्हा विमानात बसलेला, राहणीने साधा, शेती करणारा, आणि मत लायकी बघूनच द्यावं या मताचा. त्याचं नाव इयान स्मिथ. ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचा, पंतप्रधान.

हे नाव मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि त्याला कारण आमचे वास्कोचे शेजारी. बाबांची नोकरी मुरगाव बंदरात, त्यामुळे आम्ही बरीच वर्षं वास्कोत भाड्याच्या घरात काढली. शेजारी एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ राहायचे, आम्ही मुलं त्यांना अंकल म्हणायचो. त्यांची उमेद पोर्तुगीजांच्या मोझांबिकमध्ये, बेइराच्या रेल्वेत गेली होती. बेइरा हे बंदर, आणि तिथून निघालेला रूळ डोंगर चढून ऱ्होडेशियात जायचा. अंकलकडे तिथल्या गोष्टींचा साठा होता: सुट्टीत बेइराच्या किनाऱ्यावर उतरणारी गोऱ्या ऱ्होडेशियनांची कुटुंबं, त्यांच्या मोटारी, त्यांची बिअर, त्यांचे उन्हाने लाल झालेले खांदे. आणि वर्तमानपत्रातला स्मिथचा फोटो. "तो हांसतालो, पूण तोंड अर्देंच हांसतालें," अंकल म्हणायचे, आणि स्वतःच्या चेहऱ्याची एक बाजू गच्च धरून दुसऱ्या बाजूने हसून दाखवायचे. आम्ही मुलं घाबरायचो आणि पुन्हा करून दाखवा म्हणायचो.

ते अर्धं हसू कुठून आलं, हे मला खूप नंतर वाचायला मिळालं.

स्मिथचा जन्म १९१९चा, सेलुक्वे नावाच्या खाणींच्या गावातला. दक्षिण आफ्रिकेत कॉलेजात होता तेव्हा महायुद्ध पेटलं. १९४१मध्ये तो शिक्षण अर्धवट टाकून ब्रिटिश हवाई दलात भरती झाला आणि ऱ्होडेशियन वैमानिकांच्या २३७व्या स्क्वाड्रनमध्ये गेला. ऑक्टोबर १९४३मध्ये इजिप्तमध्ये पहाटेच्या गस्तीसाठी त्याचं हरिकेन विमान धावपट्टीवरून उठत असताना ते कोसळलं. जबडा मोडला, पाय मोडला, खांदा मोडला, चेहरा तर आपटून सपाट झाला. कैरोच्या इस्पितळात डॉक्टरांनी तो चेहरा कातडीचे तुकडे लावून पुन्हा उभा केला. उभा राहिला, पण एका बाजूने तो कायमचा थिजला. पुढे त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक पत्रकार त्या थंड, न हलणाऱ्या नजरेबद्दल लिहायचा आणि त्यातून त्याच्या स्वभावाचे अर्थ काढायचा. मला ते जरा अन्यायाचं वाटतं. जखमेच्या व्रणाला स्वभाव समजू नये. त्याच्या स्वभावाबद्दल बोलायला दुसरा मसाला भरपूर आहे.

इस्पितळातून सुटल्यावर त्याला शिकाऊ वैमानिकांना शिकवण्याचं, म्हणजे जिवंत राहण्याचं काम देऊ केलं होतं. ते त्याने नाकारलं. महिन्याभरात नव्हे, पण वर्षही उलटायच्या आत तो कॉर्सिका बेटावरून स्पिटफायर उडवू लागला. जून १९४४मध्ये उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात रेल्वेवर हल्ला करताना जर्मन तोफांनी त्याचं विमान पाडलं. पॅराशूटने तो डोंगरात उतरला. खाली शत्रूचा मुलूख. एका शेतकरी कुटुंबाने त्याला लपवलं. पकडले गेले असते तर जर्मनांनी घर जाळलं असतं आणि माणसांना गोळ्या घातल्या असत्या, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हा कोण, कुठला, त्याचा ऱ्होडेशिया नावाचा देश नकाशावर कुठे आहे, यातलं त्यांना काही माहीत असण्याची शक्यता नव्हती. तरी घातला जेवायला. स्मिथ तिथे राहून इटालियन शिकला, मग डोंगरातल्या फॅसिस्टविरोधी बंडखोरांत सामील झाला आणि काही महिने त्यांच्याबरोबर लढला. त्यानंतर काही सोबत्यांसह आल्प्स ओलांडून फ्रान्समध्ये दोस्त सैन्याकडे पोहोचला. त्या वाटेचा शेवटचा टप्पा त्याने बर्फातून जवळजवळ अनवाणी काढला.

इथे मी दरवेळी अडकते. या माणसाचं पुढचं आयुष्य माहीत नसेल तर त्याच्याबद्दल काय वाटेल? वाटेल की अनोळखी गरिबाच्या चुलीपाशी ज्याचा जीव वाचला, तो पुढे सत्तेवर आला तर गरिबाच्या, परक्याच्या, आपल्यासारखा न दिसणाऱ्याच्या बाजूने उभा राहील. गोष्टी अशाच असतात ना? पोथीतला राजा वनवासात कोळ्याच्या घरी जेवतो आणि राज्य मिळाल्यावर त्याला विसरत नाही. भावोजींच्या वाक्यामागे हाच विश्वास आहे, की मरण जवळून पाहिलं की माणूस मोठा होतो. स्मिथ मोठा झालाही. फक्त त्याच्या मोठेपणाला एक कुंपण होतं आणि ते युद्धाच्या आधीपासून तिथेच होतं.

परत आल्यावर त्याने पदवी पुरी केली, सेलुक्वेजवळ शेत घेतलं, लग्न केलं आणि १९४८मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, विधिमंडळात निवडून गेला. एप्रिल १९६४मध्ये पंतप्रधान झाला. आफ्रिकेतल्या वसाहती एकेक करून स्वतंत्र होत होत्या आणि ब्रिटनचं म्हणणं होतं, बहुसंख्य काळ्या लोकांना राज्य मिळण्याची वाट मोकळी केल्याशिवाय स्वातंत्र्य नाही. देशात गोरे सव्वादोन लाखांच्या आसपास, काळे चाळीस लाख. मतदार याद्या दोन. 'अ' यादीत नाव यायला उत्पन्न, मालमत्ता आणि शिक्षण यांची वरची अट, 'ब' यादीला खालची. पन्नास जागा 'अ'च्या, पंधरा 'ब'च्या. कागदावर कुठेही रंग लिहिलेला नव्हता, आणि स्मिथ हे अभिमानाने सांगायचा. लायकी मिळवा, यादीत या. मात्र लायकी मिळवण्याच्या शाळा, जमिनी आणि नोकऱ्या कुणाच्या हातात होत्या, हे यादीत लिहायची पद्धत नव्हती.

११ नोव्हेंबर १९६५ला स्मिथच्या मंत्रिमंडळाने ब्रिटनला झुगारून स्वातंत्र्य जाहीर केलं. तारीख मुद्दाम निवडलेली. पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला अकरा वाजता, हुतात्म्यांच्या आठवणीचा. राणीच्या तसबिरीखाली बसून राणीच्या सरकारविरुद्ध सह्या झाल्या. सांगायचं हे होतं, की आम्ही तुमच्यासाठी रक्त सांडलं आणि तुम्ही आम्हाला विकायला निघालात. त्याच्यापुरतं ते खोटं नव्हतं, चेहराच साक्षीला होता. पण त्याच महायुद्धात ऱ्होडेशियन आफ्रिकन रायफल्स ही काळ्या शिपायांची पलटण ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली होती. अकरा तारखेच्या हिशेबात त्यांचं रक्त कुठे धरलं होतं? ज्या युद्धामुळे स्मिथ स्वतःला हक्कदार समजत होता, तेच युद्ध लढून आलेल्या शिपायाला 'अ' यादीत यायला मालमत्ता दाखवावी लागणार होती.

अंकलना मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं होतं, काळ्या लोकांचं काय? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, तिथे तीन पायऱ्या होत्या बाय, आणि आम्ही मधल्या पायरीवर. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरची पायरी दिसते, खालची पायाखाली असते. ते वाईट नव्हते. गाडी वेळेवर सुटायची, पगार वेळेवर व्हायचा, एवढं त्यांना पुरलं. हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल मोझांबिकमध्ये बसून स्मिथला मदत करत होता, ब्रिटनच्या युद्धनौका बेइरासमोर ऱ्होडेशियासाठी येणारी तेलाची जहाजं अडवायला वर्षानुवर्षं फेऱ्या मारत होत्या, आणि अंकल आपली ड्यूटी करत होते. आफ्रिकेत गेलेले सगळे गोंयकार मात्र मधल्या पायरीवर उभे राहिले नाहीत. केनियात पियो गामा पिंटो स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला आणि फेब्रुवारी १९६५मध्ये, स्मिथच्या घोषणेच्या आधी काही महिने, नैरोबीत गोळ्यांना बळी पडला. बार्देशातला आकिनो द ब्रागान्सा मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात शिरला आणि १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेलबरोबर विमान अपघातात गेला. आपल्या रस्त्यांवर पुतळ्यांची कमी नाही. या दोघांची नावं मात्र मला शाळेत कुणी सांगितली नाहीत.

आता आमच्या घराकडे येते. स्मिथ पंतप्रधान झाला त्याच्या चार महिने आधी, डिसेंबर १९६३मध्ये, गोव्यात पहिल्यांदा प्रत्येक सज्ञान माणसाला विधानसभेसाठी मत देता आलं. दोनच वर्षांपूर्वी, १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी, भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले होते आणि पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षं दीड दिवसात आटोपली होती. त्या विमानांतल्या वैमानिकांची नावं आज सोप्यावर बसलेल्या कुणालाही सांगता येणार नाहीत. ते आले, काम केलं, परत गेले. राज्य त्यांनी मागितलं नाही.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ओव्या शेकड्यांनी पाठ, पेजेला तांदूळ किती टाकायचे हे नुसत्या मुठीवर, पण सही म्हणजे अंगठा. १९६३ला ती शाळेत मत द्यायला गेली तेव्हा ठेवणीतलं कापड नेसून, केसांत अबोलीची फाती माळून गेली होती, असं बाबा सांगायचे. देवळात जाताना माळतात तशी. गावातल्या शहाण्यांनी तेव्हा नेमकं भावोजींचंच वाक्य म्हटलं होतं: या बायकांना काय कळतंय, या कुळांना काय कळतंय, भाटकार (जमीनमालक) सांगेल तिथे शिक्का मारतील. भाटकारालाही तसंच वाटत होतं. निकाल लागला आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो) भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. बहुजन समाजाचा माणूस. मगोचं पुढचं सगळं राजकारण मला पटतं असं नाही. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावरून आमच्याच घरात १९६७च्या सार्वमताला भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता, आणि ती कटुता आजही चवथीच्या पंगतीत कधी कधी जेवायला बसते. पण त्या अडाण्यांच्या मतांतून गावोगाव मराठी शाळा निघाल्या, १९६४चा कूळ कायदा आला, भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी १९७५चा मुंडकार कायदा आला. ज्या सोप्यावर बसून भावोजी बोलले, त्याच्याखालची जमीन आमच्या नावावर कशी झाली हे घरात सगळ्यांना माहीत आहे. स्मिथच्या राज्यात, लायकी बघून निवडलेल्या विधिमंडळाने १९६९मध्ये जमिनीचा कायदा केला: निम्मी जमीन गोऱ्यांना, निम्मी काळ्यांना. समसमान. सव्वादोन लाखांना जेवढी, जवळजवळ पन्नास लाखांना तेवढीच. शिकलेल्या माणसांनी केलेली वाटणी होती ती.

यावर भावोजी काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. म्हणतील, ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झाल्यावर मुगाबेने सत्तेवर येऊन काय केलं ते बघ. खरं आहे. मुगाबेच्या झिंबाब्वेत मटाबेलेलँडमध्ये हजारो माणसं मारली गेली, शेती उद्ध्वस्त झाली, नोटांवरची शून्यं मोजता येईनात. म्हातारपणी स्मिथ हरारेतच राहत होता, आणि आपण म्हणत होतो तसंच झालं, हे पाहुण्यांना ऐकवत होता. ऐकणाऱ्यांत काळे लोकही असायचे आणि काही जण माना डोलवायचे. हे मला सहज झटकून टाकता येत नाही. पण मुगाबे आकाशातून पडला नव्हता. स्मिथच्या सरकारने त्याला दहाएक वर्षं कोंडून ठेवलं, त्यातली बहुतेक खटल्याशिवाय. १९६६मध्ये त्याचा लहानगा मुलगा घानात वारला तेव्हा त्याने अंत्यसंस्काराला जाऊ देण्याची विनंती केली. ती नाकारली गेली. हे वाचताना मला इटलीच्या डोंगरातलं ते शेतकऱ्याचं घर आठवतं, आणि राग येतो. पाचेक महिने ज्याला परक्यांनी आपल्यात सामावून घेतलं, त्याच्या सरकारला एका बापाला मुलाच्या मातीला जाऊ द्यावंसं वाटलं नाही.

आणि तरी फायटर पायलटला दोष देऊन मोकळं होता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन गॉर्टनची कहाणी बघा. विमान तेच, हरिकेन. जानेवारी १९४२मध्ये सिंगापूरच्या बाजूला ते बेटावर आदळलं आणि त्याचाही चेहरा फुटला. तिथून सुटका होऊन जहाजातून जाताना ते जहाज जपानी टॉर्पेडोने बुडालं, तेव्हा हा तसाच पट्ट्या बांधलेल्या चेहऱ्याने तराफ्यावर तरंगत राहिला. त्याचंही नाक, गाल डॉक्टरांनी जोडजोडून केलेले. तोही १९६८मध्ये पंतप्रधान झाला. मार्च १९७१मध्ये पक्षात त्याच्यावरच्या विश्वासाचं मतदान झालं, ३३ विरुद्ध ३३. बरोबरी म्हणजे हरलो नाही असं धरून खुर्चीला चिकटून राहता आलं असतं. त्याने सांगितलं, हा विश्वास नव्हे, आणि उठला. तेच विमान, तसाच मोडलेला चेहरा, तीच खुर्ची. एकाने मतं मोजली आणि उठला, दुसऱ्याने मोजावी लागू नयेत म्हणून देश पंधरा वर्षं अडवून धरला.

मार्च १९७६मध्ये स्मिथने नभोवाणीवरून सांगितलं होतं, की बहुसंख्यांच्या राज्यावर आपला विश्वास नाही, हजार वर्षांतही नाही. त्याच महिन्यात स्वतंत्र झालेल्या मोझांबिकने सीमा बंद केली आणि बेइराचा तो रूळ थांबला. अंकल तोवर बायकोमुलांसह गोव्यात परतले होते. ऱ्होडेशियाच्या आत गावागावांतून युद्ध चाललं होतं. हजार वर्षं सोडा, चारही लागली नाहीत. फेब्रुवारी १९८०मध्ये सज्ञान लोक रांगा लावून उभे राहिले, अंगठेवालेही, आणि मुगाबे निवडून आला.

त्या निवडणुकीतली एक तरतूद मात्र मला फार आवडते. लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये झालेल्या करारात शंभरपैकी वीस जागा गोऱ्यांसाठी वेगळ्या काढल्या होत्या, लोकसंख्येत ते शंभराला चारही नसताना. त्या वीसच्या वीस जागा स्मिथच्या पक्षाने जिंकल्या. लायकीवाचून कुणाला काही मिळू नये म्हणून ज्याने देश पणाला लावला, तो पुढची सात वर्षं, त्या जागा रद्द झाल्या त्या १९८७पर्यंत, विरोधी बाकावर राखीव जागेवरून बसला.